साओ पाउलोत खाऊ घेताना: ओळखीचं दिसलं की आधी थांबा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून दोन वर्षांसाठी साओ पाउलोला आलोय. सोबत सासूबाई आहेत, त्यांना अंडंही चालत नाही. मुलं सहा आणि अकरा वर्षांची. सुपरमार्केटात खाऊच्या रांगा बघून गोंधळायला होतं, भाषा येत नाही, आणि शेवटी घरी तीच ती ओळखीची चॉकलेटं आणि वेफर्स येतात. इथलं काय घ्यावं, काय टाळावं आणि दिवाळीला पुण्याला जाताना काय न्यावं?

मी इथे सोळा वर्षं आहे आणि त्यातली दहा वर्षं घरून डबे आणि फराळ पुरवते, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी या रांगांमधून गाडी ढकलणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. जे शिकले ते बरंचसं फसून शिकले.

आधी त्या चॉकलेटच्या रांगेतून बाहेर पडा. इथला खरा खाऊ बहुतेक दुकानांत खालच्या फळीवर असतो, प्लास्टिकच्या गोल बरण्यांत नाहीतर पारदर्शक पिशव्यांत. त्याच्यासमोर उभं राहिलं की आपण लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात आलोय की काय असं वाटतं. दाण्याची चिक्की, कुटाच्या वड्या, गुळाच्या ढेपा, खोबऱ्याच्या वड्या, लाल भोपळ्याची पेठ्यासारखी मिठाई. हे काही नवलाचं नाही. शेंगदाणा, काजू, पेरू, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाचा कंद, हे सगळं मूळचं याच खंडातलं, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आलेलं. आणि नारळ, आंबा, फणस त्याच जहाजांतून इकडे आले. सामान एकच, तेव्हा वड्याही सारख्या होणारच.

आणि घोळ इथेच होतो. अनोळखी वस्तू आपण दहादा उलटसुलट करून बघतो. ओळखीची दिसली की थेट टोपलीत टाकतो. माझ्या पहिल्या वर्षीच्या हळदीकुंकवाला मी गुलाबी-पांढऱ्या चौकोनी वड्या आणल्या होत्या, वर किसलेलं खोबरं भुरभुरवलेलं. नारळाच्या वड्याच समजा. ताटलीत मांडल्या, चारपाच जणींनी खाल्ल्यासुद्धा. मग एका जुन्या ताईंनी स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, "अगं, ही मारिया मोली ना? यात जिलेटिन असतं." त्या दिवशी मी डस्टबिनमधून पाकीट काढून पहिल्यांदा लेबल वाचलं.

तर आधी लेबल. आपल्यासारखा हिरवा ठिपका इथे नाही. हिरवा रंग, पानाचं चित्र, यावर विसंबू नका. काही पाकिटांवर पिवळा त्रिकोण आणि त्यात टी हे अक्षर दिसेल. त्याचा शाकाहाराशी संबंध नाही, जनुकीय बदल केलेल्या पिकापासून बनवल्याची ती खूण आहे, मक्याच्या कुरकुरीत खाऊवर हमखास असते. पुढच्या बाजूला काळं भिंग छापलेलं दिसेल. ऑक्टोबर 2022 पासून आलेला हा नियम: 100 ग्रॅममध्ये वरून घातलेली साखर 15 ग्रॅम किंवा जास्त, संपृक्त स्निग्धांश 6 ग्रॅम किंवा जास्त, किंवा सोडियम 600 मिलिग्रॅम किंवा जास्त असेल, तर ते भिंग छापावंच लागतं. गोडाच्या फळीवर ते जवळजवळ सगळ्यांवर असतं, त्यामुळे तिथे त्याने निवड होत नाही. खारट पाकिटांत मात्र मी बघते. सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास असेल तर सोडियमचं भिंग उपयोगी पडेल.

अंड्यासाठी एक सोपी वाट आहे. घटकांच्या यादीच्या शेवटी, ठळक मोठ्या अक्षरांत, ॲलर्जीची ओळ असते. ती अक्षरं आपण वाचू तशी 'अलर्जिकोस: कॉन्टेम...' अशी दिसतील, आणि पुढे गहू, दूध, सोया, शेंगदाणा वगैरे. त्यात 'ओवोस' दिसलं की अंडं आहे. यादी कितीही लांब आणि बारीक असली तरी ही ओळ डोळ्यांत भरते, सहा वर्षांच्या पोरालासुद्धा शिकवता येते. माझी मुलगी त्या वयात दुकानभर "ओवोस! ओवोस!" करत पळायची. एक लक्षात ठेवा, 'पोडे कॉन्टेर' म्हणजे 'असू शकतं', त्याच यंत्रावर दुसरं काही बनतं म्हणून दिलेला इशारा. तो चालवायचा की नाही हे सासूबाईंनाच ठरवू द्या.

पण ॲलर्जीच्या ओळीत जिलेटिन येत नाही, चरबी येत नाही. त्यासाठी वर यादीतच जावं लागतं. चार शब्द पाठ करा, अक्षरं जशी दिसतात तशी लिहिते, उच्चार निराळे असतात: 'गेलाटिना' म्हणजे जिलेटिन, जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढलेलं, हे उघड आहे. 'बान्हा' म्हणजे डुकराची चरबी, काही बिस्किटांत आणि पावांत असते. 'कार्मिम' किंवा 'कोचोनिल्हा' म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग, गुलाबी वेफर आणि स्ट्रॉबेरीच्या दह्यांत सापडतो. आणि 'मोकोटो'. हा शब्द काहीही झालं तरी विसरू नका. मोकोतो म्हणजे गाईचा खूर. त्याची गोड जेली करतात, काचेच्या पेल्यात भरून विकतात, आणि ती जॅमच्या शेजारी फळीवर असते. जॅमला आणि या जेलीला इथे शब्द एकच, 'जेलेया'. पेला गोंडस असतो, संपल्यावर पाणी प्यायला होतो म्हणून बायका घेतात. आपल्यापैकी एकीच्या घरी तो असाच आला होता. पुढचं सांगत नाही.

आता चांगलं काय ते. सुरुवात पासोकापासून करा. पासोका म्हणजे भाजलेले दाणे, साखर, मीठ, एकत्र कुटून दाबलेले. बस्स. आपल्या दाण्याच्या लाडवात आणि याच्यात फरक दोन: गूळ नाही, आणि मीठ लागतं तेवढं स्पष्ट लागतं. बाटलीच्या बुचाच्या आकाराची असते तिला बूचच म्हणतात, 'होल्या'. सुटी, कागदात गुंडाळलेली, पन्नासेकांची बरणी येते. खायची रीत आहे: कागद पूर्ण काढायचा नाही. वरचा अर्धा सोलायचा, खालचा मुठीत धरायचा आणि तळहात हनुवटीखाली ठेवून चावायचं. पूर्ण सोललीत तर पहिल्या घासाला चुरा थेट शर्टावर. हा चुरा वाया जात नाही, मी बरणीच्या तळाचा सगळा चुरा गोळा करते आणि शिऱ्यावर किंवा केळ्याच्या शिकरणात घालते. सगळ्यांत सहज मिळणारी पासोकिता, हिबेइराँव प्रेतो शहरातल्या सांता एलेना कंपनीची. तिच्यात चौकोनी प्रकारही येतो. मला स्वतःला बुचाची, साध्या पाकिटातली, मीठ पुढे असलेली आवडते. दाण्याच्या कुठल्याही वस्तूवर 'आबिकाब' असं लिहिलेली खूण दिसली तर ती घ्या. दाण्याला बुरशी लागून जे विष तयार होतं त्याची तपासणी झाल्याची ती खूण आहे, आणि दमट हवेत याला महत्त्व आहे.

पासोकात एक गोम आहे. ईशान्य ब्राझीलमधली पासोका खारी असते: वाळवलेलं मांस आणि कंदाचं पीठ उखळात कुटून केलेली. मुळात शब्दाचा अर्थच कुटणं. सुपरमार्केटातल्या बरणीत ती नसते, पण ईशान्येकडच्या पदार्थांच्या हॉटेलात "पासोका" म्हणून आनंदाने मागवू नका.

चिक्कीला इथे 'पे जी मोलेकी' म्हणतात, शब्दशः पोराचा पाय. मिनास जेराइस राज्यातलं पिरांगिन्यो हे छोटं गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे, लोणावळ्यासारखंच, रस्त्याकडेला रांगेने दुकानं. घेताना यादीत 'हापादुरा' आहे का बघा, लिहिलेलं 'रापादुरा' दिसेल. हापादुरा म्हणजे आपला गूळ. गुळाची चिक्की गडद आणि जरा खरखरीत असते, नुसत्या साखरेची काचेसारखी. मऊ, दुधाची असाही एक प्रकार आहे, तो खाल्ला की आजोबांना चालेल अशी चिक्की सापडल्याचा आनंद होतो.

हापादुराच्या ढेपा मोठ्या सुपरमार्केटात मिळतात, पण त्यासाठी मी 'काझा दो नोर्ची' गाठते. हे एका दुकानाचं नाव नाही, ईशान्येकडून आलेल्या लोकांच्या सामानाच्या दुकानांना सगळे असंच म्हणतात, शहराच्या बहुतेक वस्त्यांत एखादं असतंच. तिथे गूळ, कंदाची पिठं, सुटे काजू आणि 'मांतेगा जी गाहाफा', म्हणजे बाटलीतलं लोणी मिळतं. लोणी म्हणतात, पण ते कढवलेलं असतं. घरचं तूप करायला वेळ नसेल तेव्हा पुरणपोळीवर मी तेच घालते. त्याच दुकानात लटकलेलं मांस आणि डुकराच्या कातडीच्या तळलेल्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांना 'तोहेज्मो' म्हणतात आणि पाकिटातली तोहेज्मो हुबेहूब तळलेल्या कुरडईसारखी दिसते. बरोबर सासूबाई असतील तर तुम्ही पुढे चाला.

दुधाच्या गोडात इथल्या लोकांचा हात धरणारं कोणी नाही, आणि त्याचं मूळ कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात आहे. ब्रिगादेइरो म्हणजे हा डबा, कोको आणि लोणी आटवून केलेले, चॉकलेटच्या दाण्यांत घोळवलेले छोटे लाडू. असं सांगतात की 1945 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ब्रिगेडियर एदुआर्दो गोमेस उभे होते, त्यांच्या प्रचारासाठी बायकांनी हे विकले. ब्रिगेडियर हरले, लाडू उरला. वाढदिवसाला हा नसेल तर तो वाढदिवस नाही. अंडं नसतं, त्यामुळे निर्धास्त. दुकानातून तयार घेऊ नका. 395 ग्रॅमचा एक डबा, चमचाभर लोणी, तीन-चार चमचे कोको, मंद आचेवर हलवत राहा. कालथा ओढल्यावर कढईचा तळ दिसला आणि गोळा एकजीव सुटायला लागला की उतरवा. बर्फीचा पाक ओळखणाऱ्या कोणालाही हे शिकवावं लागत नाही. खोबऱ्याचा केला की 'बेजिन्यो', दाण्याचा केला आणि काजूच्या बोंडासारखा वळला की 'काजुझिन्यो'.

फक्त डबा कुठला उचलता ते बघा. माझं सगळ्यांत महाग पडलेलं शहाणपण इथलं आहे. एका दिवाळीला साठ डब्यांच्या बर्फीची ऑर्डर होती. घाऊक दुकानात कंडेन्स्ड मिल्कचा खोका बाकीच्यांपेक्षा बराच स्वस्त दिसला, तेच निळं-पांढरं पाकीट, तीच गाय. घरी आणून आटवायला बसले, चाळीस मिनिटं झाली तरी मिश्रण खळीसारखं चिकट. थंड झाल्यावर वडी पडेना, रबरासारखी ओढली जात होती. पाकीट वाचलं तर त्यावर 'लेइटे कॉन्डेन्साडो' नव्हतंच, 'मिस्टुरा लाक्टेआ कॉन्डेन्साडा' होतं. म्हणजे दूध, दुधाचं पाणी आणि पिठाचं मिश्रण. फळीवर दोन्ही शेजारीशेजारी, कधीकधी एकाच नावाची. दुधाच्या भुकटीचंही तसंच: 'लेइटे एम पो' हवं, 'कोम्पोस्टो लाक्टेओ' नको. आणि चॉकलेटच्या नावाआधी 'साबोर' शब्द आला, म्हणजे 'चॉकलेटच्या चवीचं', तर त्यात कोको कायद्याला हवा तेवढा नाही. खोटं कोणी लिहीत नाही इथे. खरं बारीक अक्षरांत लिहितात.

दोसी जी लेइची, आटवलेल्या दुधाचं घट्ट गोड, हे तुमच्या सासूबाईंना नक्की आवडेल. चमच्याने खायचं बरणीत येतं, वड्यांचं पाकिटात. वड्या कोरड्या आणि कडा कुरकुरीत असल्या तर थेट कंदी पेढ्याची आठवण होते. विसोझा या मिनासमधल्या गावच्या केंद्रीय विद्यापीठाच्या डेअरीचं दोसी जी लेइची नावाजलेलं आहे आणि माझ्या मते ते नाव सार्थ आहे. यादी छोटी, दूध पुढे. जाता जाता, इथल्या दुधाचा मोठा भाग जिरोलांदो जातीच्या गाईंचा, आणि ती जात आपल्या गीर गाईची होल्स्टीनशी जोडी लावून झालेली. एका गुजराती शेजाऱ्याला हे सांगितल्यापासून तो दोसी जी लेइचीला घरचाच माल समजतो.

काचेच्या कपाटातल्या पिवळ्याधमक गोडापासून मात्र दूर राहा. पोर्तुगीज मठांतून आलेली बहुतेक मिठाई अंड्याच्या पिवळ्या बलकावर उभी आहे. किंजिं नावाची खोबऱ्याची चकचकीत मूद केशर घातल्यासारखी दिसते. तो रंग बलकाचा. 'फियोस जी ओवोस' केशरी शेवयांसारखे दिसतात, तेही तेच, नावातच अंडं आहे. आणि 'आंब्रोझिया' तर कलाकंद म्हणून मीही उचलली होती. दूध आणि अंडं एकत्र फाडून करतात.

पेरू. गोयाबादा म्हणजे पेरूचा गर साखरेत आटवून केलेली घट्ट वडी. गोव्यात पेराड करतात ना नाताळच्या कुसवारात, त्याचंच हे मोठं भावंड. गोव्याकडचं कोणी घरी आलं की मी हेच पुढे ठेवते आणि ते लगेच ओळखतात. पातळ कापता येणारी, गुळगुळीत अशी असते, आणि 'कास्काँव' म्हणजे सालीचे तुकडे राहू दिलेली. कास्काँव घ्या. सुरी पाण्यात बुडवून बोटाएवढ्या जाड कापा, त्यावर तेवढीच जाड पांढऱ्या मिनास चीजची काप. या जोडीला रोमेउ आणि ज्युलिएता म्हणतात. खारट आणि आंबटगोड एकत्र, बाकी काही लागत नाही. चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असू शकतं हे सासूबाईंना महत्त्वाचं असेल, तर नुसती गोयाबादा पोळीबरोबर द्या. 'केजो कोआल्यो' नावाच्या चीजच्या तर नावातच ते विरजण आहे. केळ्याची बानानादाही याच जातीची, साखर लावलेल्या छोट्या लाद्या. मुलांच्या डब्याला मी चॉकलेटऐवजी वर्षानुवर्षं तीच दिली. आणि लाल भोपळ्याच्या, बदामाच्या आकाराच्या वड्या, बाहेरून कडक, आतून ओलसर. भोपळ्याचे अख्खे तुकडे असले तर चुन्याच्या पाण्यात ठेवून ते कवच आणतात, पेठ्याचीच युक्ती.

चॉकलेट अगदीच सोडू नका, मुलं ऐकणार नाहीत. बीस नावाच्या छोट्या वेफरची खोकी घ्या, एक उघडलं की संपेपर्यंत कोणी उठत नाही. दियामांची नेग्रो हे नाव 1938 च्या विश्वचषकात सर्वाधिक गोल करणाऱ्या लेओनिदास दा सिल्वाच्या टोपणनावावरून आलं, अकरा वर्षांच्या मुलाला हे सांगा, त्याला चवीपेक्षा गोष्ट आवडेल. दादिन्यो नावाची दाण्याची चौकोनी गोळी चंदेरी कागदात येते, 1954 मध्ये साओ पाउलो शहराच्या चारशेव्या वाढदिवसाच्या निमित्ताने निघाली, आणि पन्नाशीपुढच्या कोणाही साओ पाउलोकराला दिली की तो अर्धा तास बालपण सांगत बसतो. भाषेचा सराव होतो.

खारट पाकिटांकडे या. माझ्या स्वयंपाकघरात कायम असतं ते 'बताता पाल्या', काडीसारख्या बारीक तळलेल्या बटाट्याचं पाकीट. बटाट्याला इथेही बताताच म्हणतात, तो शब्द आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला. इथले लोक हे स्ट्रोगनॉफवर आणि हॉटडॉगवर घालतात. मी तुपात जिरं, हिरवी मिरची, दाणे परतते, आच बंद करून पाकीट ओतते, पिठीसाखर आणि लिंबूफूल घालते. दहा मिनिटांत उपासाचा चिवडा. पाकिटात फक्त बटाटा, तेल, मीठ असलेलंच घ्या, काहींत पीठ घालतात. दाण्यांत 'जपानी दाणे' म्हणजे सोयासॉसच्या कवचातले, आणि 'ओविन्योस' म्हणजे छोटी अंडी. हे नाव बघून घाबरू नका, आकारावरून पडलंय, आत दाणाच असतो. तरी ॲलर्जीची ओळ वाचाच. बेकन, बार्बेक्यू, हॅम अशा चवींच्या मक्याच्या पाकिटांत मांस असेलच असं नाही, बऱ्याचदा नुसता कृत्रिम वास असतो, पण नसेलच असंही नाही. आमच्या घरी ती येत नाहीत, कारण कोण वाचत बसणार.

गुलाबी पिशवीतला गोड पॉपकॉर्न दिसेल, फुगवलेल्या मक्याचा, हलका. चुरमुऱ्यासारखा. स्वस्त आणि मुलांना फार आवडतो, संध्याकाळपर्यंत गादीखाली सापडतो.

उपासावरून एक. पोल्विल्यो म्हणजे त्या कंदाचं सत्त्व, ज्याचा आपला साबुदाणा होतो. पोल्विल्योची पोकळ, कुरकुरीत कडबोळ्यासारखी बिस्किटं इथे सगळीकडे. रिओच्या किनाऱ्यावर ग्लोबोच्या कागदी पिशव्या विकतात, हिरवी खारी आणि लाल गोडी. साबुदाण्याची म्हणून उपासाला आणाल, तर थांबा. बहुतेकांत अंडं असतं. 'पाँव जी केजो', चीजचे ते गोल गरम पाव, तेही पोल्विल्योचे आणि त्यातही अंडं. हे ऐकून शाकाहारी पाहुण्यांचे चेहरे पडतात, कारण विमानतळावरच त्यांनी दोन खाल्लेले असतात. अंड्याशिवायची गोठवलेली पाकिटं व्हेगन म्हणून मिळतात, चव ठीक. आणि खिचडीसाठी साबुदाणा हवा तर 'सागू' मागा. दक्षिणेकडे तो लाल वाइनमध्ये शिजवून गोड करतात. याचे मोती सगळे सारखे भिजत नाहीत, पाणी कमी घाला, आणि पहिल्या वेळी पाहुणे बोलावू नका. शेजारीच 'तापिओका ग्रानुलादा' असते, वेडीवाकडी कणी, तिची खिचडी होत नाही, लापशी होते.

बेकरीच्या काउंटरवरचे गरम सालगादो, म्हणजे सारण भरलेले खारे पदार्थ, हा वेगळा विषय, पण मुलं ओढून नेतीलच. तिथे "कार्नी नको" असं सांगून भागत नाही. कार्नी म्हणजे इथे गाईचं मांस. "कार्नी नाही ना?" विचारलंत तर तो प्रामाणिकपणे नाही म्हणेल आणि कोंबडी किंवा हॅम भरलेलं हातात देईल. थेंबासारख्या आकाराची कोशिन्या दिसायला बटाटावड्याची बहीण, आत कोंबडी. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, हॅम नाही, "सें कार्नी, सें फ्रांगो, सें पेशी, सें प्रेझुंतो". आठवडी बाजारात चीजचा किंवा पाल्मितोचा, म्हणजे ताडाच्या कोवळ्या गाभ्याचा, पास्तेल घ्या, हातभर मोठी तळलेली करंजी आणि शेजारीच चरकातला उसाचा रस. कढई मात्र सगळ्यांची एकच असते, ते धरून चाला.

कुठून घ्यायचं? रोजचं जवळच्या सुपरमार्केटातून. बरण्यांनी घ्यायचं असेल तर आताकारेजो, म्हणजे किरकोळ-घाऊक एकत्र असलेली मोठी दुकानं. फळीवर दोन भाव लिहिलेले असतात, मोठ्या अक्षरातला बहुधा तीन किंवा जास्त नग घेतल्यास लागू. काजू, दाणे, तीळ, खोबरं यांसाठी ब्रासजवळची झोना सेरेआलिस्ता, सांता होझा रस्त्याच्या आजूबाजूचा धान्यबाजार. पुण्याच्या भुसार बाजाराचा वास येतो तिथे, पोती, कागदी पिशव्या, चिमटीभर चाखायला देणारा माणूस. बर्फीला आणि कतलीला काजूचे तुकडे घ्या, अख्ख्यांपेक्षा बरेच स्वस्त. किसलेल्या खोबऱ्यावर 'सेम असुकार' लिहिलंय ना बघा, साखर लावलेलं खोबरं सोलकढीत गेल्याचं दुःख मला माहीत आहे. शनिवारी सकाळी दहानंतर जाऊ नका.

कॅशवर मुलगी काहीतरी पटकन विचारेल, "सेपेएफी ना नोता?" तुमचा कर क्रमांक पावतीवर टाकायचा का, एवढंच. नसेल तर "नाँव, ओब्रिगादा". पहिला महिनाभर मी याला पिशवी हवी का समजून "हो" म्हणत होते आणि ती ताटकळत उभी राहायची.

वेळ साधा. जूनमध्ये संत जुआँवच्या सणाला दाण्याचा सगळा खाऊ दुकानाच्या तोंडाशी येतो आणि ताजा असतो. ईस्टरच्या आधी डोक्यावर मांडव घालून चॉकलेटची अंडी द्राक्षांसारखी टांगतात. मुलांना तो मांडव दाखवायला न्या, खरेदी मात्र ईस्टरनंतरच्या सोमवारी करा, भाव पडतात.

तुम्ही दिवाळीला जाणार, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर; जूनची ताजी पासोका नसेल, तारीख बघून घ्या. पुण्याला नेण्यासाठी माझी बॅग अशी असते: पासोकाची बरणी, चार गोयाबादा, दोसी जी लेइचीच्या वड्या, बानानादा, पाराचे मोठे बदाम, म्हणजे ब्राझील नट. त्या बदामांत सेलेनियम फार असतं, दिवसाला एकदोनच खायचे, हे नातेवाइकांना बजावून द्या. चॉकलेट नेऊ नका, मध्ये एका विमानतळावर बदली असतेच आणि तीस तासांत ते मऊ होतं. मऊ गोयाबादा आणि बरणीतलं दोसी जी लेइची हातातल्या बॅगेत ठेवलंत तर तपासणीत ते द्रवात मोजतात आणि 100 मिलिलिटरच्या वर काढून घेतात. माझ्या दोन बरण्या अशाच गेल्या. दोन्ही चेक-इनला टाका. पासोकाची बरणी मात्र हातातच घ्या. चेक-इनमध्ये टाकली की पुण्याला कूट पोहोचतं.